रोबोटिक व्हिपल : रुग्णालयाने वर्षाला किती केल्या, हे विचारावे का?

मिरजकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या मामांना (वय ६१) गेल्या महिन्यात कावीळ झाली. आधी अंगाला रात्र रात्र खाज सुटायची आणि ती उष्णतेची असावी म्हणून घरी सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी असे सगळे करून झाले. डोळे पिवळे दिसल्यावर मात्र तपासण्या झाल्या आणि पित्तनलिका लहान आतड्यात जिथे उघडते, त्या तोंडाशीच गाठ असल्याचे कळले. गाठ पसरलेली नाही, शस्त्रक्रिया होण्याजोगी आहे, एवढी दिलाशाची बाब. शस्त्रक्रियेचे नाव व्हिपल. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढतात आणि उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर हे तिन्ही पुन्हा आतड्याला जोडतात.

जवळच्या शहरातील एका रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया रोबोटने करण्याचा सल्ला दिला आहे. प्रतीक्षाकक्षात ‘३०० यशस्वी रोबोटिक शस्त्रक्रिया’ असा मोठा फलक आहे. त्यांपैकी व्हिपल किती, असे मी सहायक डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, “चार-पाच झाल्या असतील.” मुख्य शल्यचिकित्सक माणूस म्हणून अतिशय चांगले आहेत आणि त्यांनी आम्हाला तासभर वेळ दिला. मी हे त्यांना थेट विचारले तर उद्धटपणा होईल, असे मामींचे मत आहे. या संख्येला खरोखर एवढे महत्त्व असते का, आणि रोबोट असल्यावर ते कमी होते की वाढते, हे जाणकारांनी सांगावे.

भूलतज्ज्ञ_पुणे

आपण योग्य प्रश्न विचारला आहे आणि तो बराच जुनाही आहे. अमेरिकेत १९७९ साली लुफ्त, बंकर आणि एंथोव्हेन या तिघांनी सुमारे दीड हजार रुग्णालयांतील बारा प्रकारच्या शस्त्रक्रियांची आकडेवारी तपासली. हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या काही मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये, वर्षाला दोनशेहून अधिक करणाऱ्या रुग्णालयांतील मृत्युदर स्पष्टपणे कमी असल्याचे त्यांना आढळले. पुढे २००२ मध्ये बर्कमायर यांच्या गटाने सरकारी विम्यातील सुमारे २५ लाख शस्त्रक्रियांची छाननी केली. तुमच्या कामाचा आकडा त्यात आहे : स्वादुपिंड कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मृत्युदर सर्वांत कमी संख्येच्या रुग्णालयांत १६.३ टक्के होता, तर सर्वाधिक संख्येच्या रुग्णालयांत ३.८ टक्के. त्याच अभ्यासात मानेतील रोहिणी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत हा फरक १.७ आणि १.५ टक्के इतका किरकोळ निघाला. म्हणजे संख्येचा प्रभाव सर्वत्र सारखा नसतो. अन्ननलिका आणि स्वादुपिंड यांच्या बाबतीत तो सर्वांत ठळक दिसतो. हे आकडे नव्वदीच्या दशकातील आहेत आणि आज सगळीकडेच परिस्थिती सुधारली आहे, हेही लक्षात घ्यावे.

असे का होते, याचे सोपे उत्तर ‘सरावाने हात बसतो’ असे दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. याच गटातील गफेरी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक निराळी गोष्ट दाखवून दिली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होण्याचे प्रमाण चांगल्या (म्हणजे कमी मृत्युदराच्या) रुग्णालयांत २४.६ टक्के आणि वाईट (जास्त मृत्युदराच्या) रुग्णालयांत २६.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. फरक होता तो पुढे : मोठी गुंतागुंत झालेल्या रुग्णांपैकी चांगल्या ठिकाणी १२.५ टक्के दगावले आणि वाईट ठिकाणी २१.४ टक्के. कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये या वाचवण्याच्या क्षमतेचा रुग्णालयाच्या संख्येशी संबंध आहे, हे त्यांनी नंतर वेगळे तपासले.

मी शेकडो रात्री अतिदक्षता विभागात काढल्या आहेत, म्हणून हे जरा जवळून सांगतो. व्हिपलमध्ये सर्वांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा. मऊ स्वादुपिंडाला टाका घालणे म्हणजे लोण्याला टाका घालण्यासारखे आहे. तो जोड पाझरला की पाचकरस पोटात सांडतो आणि शेजारच्या रक्तवाहिनीची भिंत कुरतडू लागतो. तिसऱ्या दिवशी पोटातील नळीच्या द्रवातले अमायलेज (स्वादुपिंडाच्या पाचकरसातील एक घटक) रक्तातील कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त आले, तर ती पहिली सूचना. त्यानंतर पाचव्या-सहाव्या रात्री पिशवीतला द्रव चहाच्या रंगाचा असतो तो एकदम लालसर होतो, जेमतेम दोन चमचे, आणि आपोआप थांबतो. नाडी ९० वरून १०४ झालेली असते. वर्षाला चार व्हिपल पाहणारी परिचारिका त्याची नोंद करते आणि सकाळच्या फेरीची वाट पाहते. वर्षाला साठ पाहणारी परिचारिका त्याच क्षणी फोन उचलते, कारण ते दोन चमचे रक्त मोठ्या रक्तस्रावाची वर्दी असू शकते. मग रात्री अडीच वाजता सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) करणारा तंत्रज्ञ हवा, मांडीच्या रोहिणीतून तार घालून फुटलेली वाहिनी आतूनच बंद करणारा रेडिओलॉजिस्ट अर्ध्या तासात यायला हवा आणि रक्तपेढी जागी हवी. संख्या ही या सगळ्या साखळीची असते. ती फक्त शल्यचिकित्सकाची कधीच नसते.

ओटी_सिस्टर

डॉक्टरांशी पूर्ण सहमत. मी रोबोटिक थिएटरमध्ये काम करते, त्यामुळे त्या ‘३००’ विषयी लिहिते. असे फलक लागतात तेव्हा त्यांत पित्ताशय, हर्निया आणि गर्भाशय यांचाच भरणा असतो. ती मोजणी खोटी नसते, पण तुमच्या मामांच्या कामाची नसते. पित्ताशयाच्या वेळी यंत्र रुग्णाला जोडण्याचा आमचा सराव होतो, उपकरणे कुठे ठेवायची हे ठरून जाते, हे मान्य; परंतु रोबोटवर स्वादुपिंडाचा जोड शिवण्याचा सराव पित्ताशय काढून होत नाही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना सहसा माहीत नसते. मुख्य शल्यचिकित्सक रुग्णापाशी उभे नसतात. ते त्याच खोलीत, पण काही फुटांवर कन्सोलमध्ये (रोबोट चालवण्याच्या आसनात) डोके घालून बसलेले असतात. रुग्णापाशी असतात सहायक आणि आम्ही. शोषणनळी धरणे, उपकरण बदलणे, स्टेपलर लावणे, ही कामे त्या सहायकाची. मोठ्या शिरेतून अचानक रक्त आले, तर रोबोटचे हात सोडवून यंत्र बाजूला सारणे आणि पोट उघडणे हे काही मिनिटांत व्हावे लागते. त्याची आम्ही रंगीत तालीम करतो : कोण कोणता हात सोडवणार, उघड्या शस्त्रक्रियेचा संच कोणत्या ट्रॉलीवर आहे, हाक कोणी द्यायची. पहिल्या तालमीत आमचा इतका गोंधळ उडाला होता की दोघी एकाच हाताला झटत होत्या आणि तिसरा हात तसाच राहिला होता. सहायक दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर मुख्य डॉक्टरांचा अनुभव कितीही असला तरी खोलीचा अनुभव दर सहा महिन्यांनी पुसला जातो.

पिट्सबर्गच्या केंद्राने २०१५ मध्ये आपल्या सलग २०० रोबोटिक व्हिपलचा हिशेब प्रसिद्ध केला. रक्तस्राव आणि मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण सुमारे २० शस्त्रक्रियांनंतर घटले, स्वादुपिंडाचा जोड पाझरण्याचे प्रमाण ४० नंतर आणि शस्त्रक्रियेला लागणारा वेळ ८० नंतर कमी झाला. हे लोक उघड्या व्हिपलमध्ये आधीच तरबेज होते. त्यांनाही एवढा पल्ला लागला, तर वर्षाला पाच करणाऱ्याला ८० वर पोहोचायला सोळा वर्षे लागतील.

आकडेमोड

वरील आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून निष्कर्ष काढताना थोडा हात आखडता घ्यावा, असे वाटते. संख्या जास्त म्हणून परिणाम चांगले, की परिणाम चांगले म्हणून रुग्ण तिकडे जातात आणि संख्या वाढते? या दोन्ही गोष्टी घडतात आणि त्या पूर्णपणे वेगळ्या काढणे कठीण असते. शिवाय मोठ्या केंद्रापर्यंत पोहोचणारा रुग्ण बहुधा प्रवास झेपणारा आणि खर्च पेलणारा असतो. वय व इतर आजार यांचा हिशेब अभ्यासक करतात, तरी काही फरक निसटतोच.

दुसरे म्हणजे, संख्या हे कौशल्याचे ढोबळ माप आहे. मिशिगनमध्ये २०१३ साली लठ्ठपणाची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यचिकित्सकांच्या चित्रफिती त्यांच्याच व्यवसायबंधूंना, नावे लपवून, दाखवण्यात आल्या. कौशल्यात तळाच्या चतुर्थांशात आलेल्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते आणि वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के. म्हणजे अनुभवी माणसांमध्येही हाताहातांत फरक असतो. मात्र रुग्णाला चित्रफीत पाहून काही कळणार नाही, संख्या मात्र विचारता येते, एवढाच तिचा मोठेपणा.

तिसरी गोष्ट धागाकर्त्यांनी जरूर लक्षात ठेवावी. “आमच्या पाचही व्हिपल यशस्वी झाल्या,” असे कोणी सांगितले तर त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रात तीनचा एक सोपा नियम आहे, तीनला रुग्णसंख्येने भागायचे : ३० रुग्णांत एकही मृत्यू झाला नसेल, तरी खरा मृत्युदर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. पाच रुग्णांत तर तो ४० टक्क्यांच्या पुढेही असू शकेल आणि केवळ नशिबाने शून्य दिसत असेल. कमी संख्येचे रुग्णालय वाईटच असते असे नव्हे. ते चांगले आहे की वाईट, हे त्याला स्वतःलाही कळत नाही. ही माझ्या मते खरी अडचण आहे.

उत्रेख्तवासी

मी गेली बारा वर्षे नेदरलँड्समध्ये आहे आणि येथील आरोग्यविषयक आकडेवारीचे काम पाहतो. या देशात २०११ पासून वर्षाला किमान २० व्हिपल न करणाऱ्या रुग्णालयाला ही शस्त्रक्रिया करता येत नाही. जर्मनीत स्वादुपिंडासाठी किमान १० ची अट होती, ती २०२५ पासून २० झाली आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या संस्थेने तर प्रोस्टेटच्या रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी केंद्राने वर्षाला किमान १५० कराव्यात, असे म्हटले आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेचा उंबरठा वेगळा आहे.

पण उंबरठा ओलांडला म्हणजे झाले, असे नाही, हे आम्ही येथे फार महागात शिकलो. दुर्बिणीतून केलेली व्हिपल आणि पोट उघडून केलेली व्हिपल यांची तुलना करणारी ‘लेपर्ड-२’ नावाची चाचणी येथील चार केंद्रांत झाली. चारही केंद्रे वर्षाला २० पेक्षा अधिक व्हिपल करणारी होती आणि शल्यचिकित्सकांनी नव्या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. तरीही दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ आणि उघड्या गटात ४९ पैकी १ रुग्ण गुंतागुंतीमुळे दगावला आणि देखरेख मंडळाच्या सल्ल्यावरून चाचणी अर्ध्यात थांबवण्यात आली. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक निर्णायक नव्हता, पण थांबवणे योग्यच होते. गंमत अशी की भारतात, कोइम्बतूरच्या एका केंद्रात, ६४ रुग्णांवर जवळपास अशीच चाचणी आधी झाली होती. तेथे दुर्बिणीच्या गटातील रुग्ण मध्यक हिशेबाने ७ दिवसांत घरी गेले आणि उघड्या गटातील १३ दिवसांत. त्या केंद्राचा दुर्बिणीचा अनुभव वर्षानुवर्षांचा होता. शस्त्रक्रिया तीच आणि तंत्रही तेच. हात मात्र निराळे आणि रुळलेले.

म्हणूनच उघड्या व्हिपलची संख्या आणि रोबोटिक व्हिपलची संख्या हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. अमेरिकेतील एका अभ्यासाने दुर्बीण व रोबोट मिळून वर्षाला सुमारे २२ हा उंबरठा सुचवला होता, आणि त्याच संशोधकांच्या आधीच्या अभ्यासात ही नवी पद्धत वापरणाऱ्या रुग्णालयांपैकी ९२ टक्क्यांनी दोन वर्षांत दहा किंवा त्याहून कमी केल्या होत्या. रोबोटमुळे मनगटासारखी हालचाल मिळते आणि शिवणे दुर्बिणीपेक्षा सोपे होते, हे खरे आहे. परंतु यंत्रामुळे शिकण्याचा काळ लहान होतो, तो नाहीसा होत नाही.

ओटी_सिस्टर

यावरून न्यूकासलची घटना आठवली. तेथील फ्रीमन रुग्णालयात २०१५ मध्ये हृदयाच्या मिट्रल झडपेची ब्रिटनमधील पहिली रोबोटिक दुरुस्ती झाली. शल्यचिकित्सक नेहमीच्या पद्धतीत अनुभवी होते, पण या यंत्रावर पुरेसे प्रशिक्षित नव्हते. मदतीला आलेले यंत्राचे जाणकार शस्त्रक्रिया चालू असतानाच निघून गेले. रुग्ण काही दिवसांत दगावला. नेहमीच्या पद्धतीने तो वाचण्याची शक्यता ९८-९९ टक्के होती, असे तज्ज्ञाने मृत्यूच्या चौकशीत सांगितले. ‘आपण माझे पहिले रुग्ण आहात’ हे वाक्य रुग्णाला आधी ऐकवायलाच हवे.

वर्धेकर

सर्व वाचले, आणि थोडा रागही आला. मिरजकर मुंबईला एका रात्रीत पोहोचतील. गडचिरोलीच्या माणसाला नागपूरच जवळपास १७० किलोमीटर आहे आणि तेथून मुंबई म्हणजे आणखी एक रात्र रेल्वेत. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर चुलीसकट संसार मांडलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी ‘मोठ्या केंद्रात जा’ हे इतक्या सहज लिहू नये. माझ्या चुलत्यांच्या वेळी आम्ही दीड महिना तसे राहिलो. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण घरातली बैलजोडी गेली. नेदरलँड्स हा देश आपल्या विदर्भाहून आकाराने लहान आहे. तेथे वीसची अट घातली तरी माणूस दोन तासांत पोहोचतो. इथे तीच अट घातली, तर निम्म्या जिल्ह्यांतील लोक शस्त्रक्रियेविनाच राहतील, आणि न झालेल्या शस्त्रक्रियेचा मृत्यू कोणाच्याही तक्त्यात मोजला जात नाही.

भूलतज्ज्ञ_पुणे

वर्धेकर, आपला राग रास्त आहे. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धे आहे. शस्त्रक्रिया एका ठिकाणी आणि बाकीचे सगळे गावाजवळ, अशी विभागणी करता येते. काविळीसाठी नळी बसवणे, पोषण सुधारणे, नंतरची केमोथेरपी, तपासण्या, यांसाठी मुंबईत राहण्याची गरज नसते. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालाचा (नॅशनल कॅन्सर ग्रिड, कर्करोग रुग्णालयांचे जाळे) एक हेतू हाच आहे. मुंबईतला मुक्काम त्यामुळे आठवड्यांवर येतो, दिवसांवर नव्हे, हे मान्य.

दुसरी बाजू उत्रेख्तवासी यांच्याच देशातली आहे. तेथील सर्व १७ केंद्रांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. शस्त्रक्रियेनंतर रोज कोणते मापन पाहायचे, कोणत्या आकड्याला सीटी करायचा, कधी नळी घालायची, याची एक ठरीव पद्धत सर्वांना शिकवली गेली. १,७४८ रुग्णांत मोठा रक्तस्राव, अवयव निकामी होणे किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले आणि मृत्यू ५ वरून ३ टक्क्यांवर. म्हणजे मी वर लिहिलेल्या त्या साठ व्हिपल पाहिलेल्या परिचारिकेची नजर काही अंशी कागदावर उतरवता येते. नागपूरसारख्या शहरात एक-दोन केंद्रे ठरवून तेथे ही पद्धत रुजवणे हा यंत्र विकत घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे. पण यंत्राचे उद्घाटन करता येते, नोंदतक्त्याचे करता येत नाही.

मिरजकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका. विम्यात रोबोटचे पैसे मिळतात का? आणि डॉक्टरांना नेमके काय विचारू?

विमा_सल्लागार

विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारांची यादी दिली आणि रोबोटिक शस्त्रक्रिया तीत आहे, त्यामुळे ती सरसकट नाकारता येत नाही. मात्र कंपनीला त्यावर उपमर्यादा घालण्याची मुभा आहे. पॉलिसीच्या तक्त्यात ‘आधुनिक उपचार’ या ओळीपुढील रक्कम पाहावी. वरचा खर्च खिशातून जातो.

ओटी_सिस्टर

गेल्या वर्षभरात या रुग्णालयात व्हिपल किती झाल्या, त्यांपैकी रोबोटवर किती, किती वेळा मध्येच पोट उघडावे लागले, ९० दिवसांत किती रुग्ण गेले, आणि रात्री वाहिनी बंद करणारा रेडिओलॉजिस्ट इथलाच आहे की बाहेरून येतो, एवढे विचारा. तिसाव्या नव्हे, नव्वदाव्या दिवसाचा आकडा मागा, कारण या शस्त्रक्रियेचे रुग्ण पुष्कळदा महिन्यानंतर खालावतात. आवाज नेहमीचा ठेवा आणि कागद पुढे ठेवून विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आला तर क्षणभर येतो.

मिरजकर

काल विचारले. क्षणभर आलाच. मग डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि रोबोटवरच्या चार, उघड्या सात, हे गेल्या दोन वर्षांचे मिळून, असे सरळ सांगितले. रेडिओलॉजिस्ट बाहेरून येतात, रात्री येतीलच याची खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितले. मुंबईतील एका केंद्रासाठी त्यांनी स्वतः पत्र लिहून दिले आणि नंतरची केमोथेरपी इथे करू, असे म्हणाले. तेथील डॉक्टर फोनवर म्हणाले की गाठीची जागा पाहता ते बहुधा पोट उघडूनच करतील. मामींना रोबोट नाही याचे जरा वाईट वाटले.

भूलतज्ज्ञ_पुणे

सीटीचा केवळ अहवाल नको, सीडी न्या. बायोप्सीच्या काचपट्ट्यांबरोबर गाठीचा तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ठोकळाही मागून घ्या, तेथे पुन्हा तपासतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची, हे आजच विचारा.

मिरजकर

ठोकळा मिळाला, सीडीही घेतली. गोळी चालू नाही. रविवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसची तीन तिकिटे काढली आहेत. एक अजून प्रतीक्षायादीत आहे.